बुडालेल्या बांधीचे विज्ञान

धानाला पाणी लागते आणि धान पाण्याने मरतेही. या दोहोंमधले अंतर किती थोडे असते, हे ज्यांची बांधी नाल्याकाठी किंवा नदीलगतच्या खोलगट भागात आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. रोवणी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात, रोपांनी नुकताच मुळांचा जम धरलेला असतो, आणि पूर येतो. पाणी दोन दिवसांत ओसरले तर पीक सावरते. आठ-दहा दिवस थांबले तर चिखलाला चिकटलेली, कुजट वासाची पाने तेवढी हाती लागतात. तोवर दुबार रोवणीसाठी पऱ्हे शिल्लक नसतात आणि हंगामही हातचा गेलेला असतो. आपल्या शाळेतील कितीतरी पालक भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यातले आहेत. त्यांना हे चित्र पाठ आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ओडिशातील आहे, आणि तोही धानाच्या पेशीच्या आत घडणारा. इतिहासाच्या शिक्षकाने या प्रांतात शिरण्याचे कारण एवढेच की, धानाच्या जनुकांवर गेल्या काही दशकांत झालेल्या संशोधनाचा एक धागा थेट गावातील जमिनीच्या वाटणीपर्यंत जाऊन पोहोचला आहे, आणि आपल्या समाजात त्याची चर्चा जवळजवळ नाही. विज्ञान सर्वांचे असते असे आपण वर्गात शिकवतो. ते खरे आहे. परंतु विज्ञान कोणता प्रश्न आधी हाती घेते, यावर ते आधी कोणाच्या उपयोगी पडणार हे ठरते, हेही खरे आहे; आणि पाठ्यपुस्तकात हे दुसरे वाक्य सहसा नसते.

प्रथम मूळ शास्त्रीय मुद्दा पाहू. धानाच्या मुळाच्या पेशीत जी जनुके असतात तीच पानाच्या पेशीतही असतात. तरीही मूळ मूळच राहते आणि पान पानच, कारण सगळी जनुके एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. जनुकातील मजकुराची आरएनए या रेणूच्या रूपात नक्कल निघते, बहुतेक वेळा त्या नकलेवरून प्रथिन तयार होते, आणि प्रत्यक्ष काम प्रथिन करते. या साऱ्या प्रक्रियेला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मी विद्यार्थ्यांना दप्तरखान्याचे उदाहरण देतो. दप्तरखान्यात हजारो कागद वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले असतात. एखादे प्रकरण उभे राहिले की नेमका एक कागद बाहेर काढला जातो, त्याच्या नकला तयार होतात आणि कारभार त्या नकलांवर चालतो. एखाद्या दुष्काळी वर्षात राज्य कसे वागले हे समजून घ्यायचे तर सारा दप्तरखाना वाचून भागत नाही. त्या वर्षी कोणत्या कागदाच्या किती नकला निघाल्या हे पाहावे लागते.

वनस्पतिशास्त्रज्ञ हेच करतात. दुष्काळ, क्षार, उष्णता, थंडी, पूर यांपैकी एखादा ताण झाडावर पडण्यापूर्वी आणि पडल्यानंतर ठरावीक वेळाने ते झाडातून आरएनए वेगळा काढतात आणि कोणत्या जनुकाच्या नकला वाढल्या, कोणत्या घटल्या हे मोजतात. पूर्वी एकेका जनुकाचे मोजमाप करावे लागे. पुढे मायक्रोअ‍ॅरेच्या काचपट्टीवर हजारो जनुके एकदम मोजता येऊ लागली, आणि आता आरएनएचा अनुक्रमच थेट वाचला जातो. तंत्र वेगवान झाले म्हणून उत्तर सोपे झाले असे मात्र नाही. ताण पडताच असंख्य जनुकांचे आकडे वरखाली होतात. त्यांतले कोणते झाडाला जगवण्यासाठी बदलले आणि कोणते केवळ झाड मरू लागले म्हणून बदलले, हे नुसत्या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी तुलना लागते: इतर बाबतींत जवळजवळ सारखी, पण एक तग धरणारे आणि एक न धरणारे, अशा दोन झाडांची तुलना.

अशी तुलना करण्याजोगे धान ओडिशाने दिले. तेथील पूरप्रवण भागात धालपुटिया नावाचा एक देशी वाण होता. त्यातून निवड करून एफआर १३ए हा वाण वेगळा काढण्यात आला. एफआर म्हणजे फ्लड रेझिस्टंट, पुराला दाद न देणारा. दोन आठवडे पूर्णपणे पाण्याखाली राहूनही हे धान पुन्हा पालवते. ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बुडत्या शेतातून वाचलेल्या लोंब्या निवडून हा वाण जपला, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. वाणाची अडचण अशी की त्याचे उत्पादन कमी. त्याचा संकर अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांशी करून पाहिला गेला, पण तग धरण्याच्या गुणाबरोबर नको असलेले गुणही पुढच्या पिढीत उतरत. दोघांना वेगळे करायचे तर तग धरण्याचा गुण नेमका कुठे आहे हे कळणे आवश्यक होते.

१९९० च्या दशकात केनोंग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी हा गुण मुख्यतः नवव्या गुणसूत्रावरील एका जागेशी निगडित असल्याचे दाखवले. त्या जागेला सब-१ असे नाव मिळाले. सबमर्जन्स, म्हणजे बुडणे, या शब्दाचे ते लघुरूप. २००६ मध्ये शू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात त्या जागेतील सब-१ए हे निर्णायक जनुक प्रसिद्ध केले. हे जनुक स्वतः पाण्याशी झुंजत नाही. इतर जनुकांना चालू-बंद करणारे प्रथिन तयार करणे हे त्याचे काम.

हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. प्रत्येक झाड इथिलीन नावाचा वायू तयार करते. हवेत तो सहज निघून जातो. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतात, त्यामुळे बुडालेल्या झाडात इथिलीन कोंडला जातो. झाडाच्या दृष्टीने ही बुडाल्याची वर्दी. सामान्य धान ही वर्दी मिळताच जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या बळावर उंच होऊ लागते, जेणेकरून पानाचे टोक पाण्याबाहेर निघावे. त्यासाठी साठवलेली साखर आणि पिष्ट खर्ची पडते. पाणी उथळ असेल तर हा खटाटोप फळाला येतो. पाणी खोल असेल आणि आठवडाभर हलले नाही, तर झाड स्वतःची शिदोरी संपवून मरते. पाणी ओसरल्यावर जी लांबट, पिवळी, लोळलेली रोपे आपण पाहतो, ती धडपडीअंती उपाशी मेलेली रोपे असतात.

एफआर १३ए मध्ये तीच इथिलीनची वर्दी सब-१ए जनुकाला जागे करते. त्याच्या प्रभावाखाली जिबरेलिनला लगाम घालणारी दोन प्रथिने वाढतात आणि उंच होण्याची घाई थांबते. पिष्ट आणि साखर फोडणाऱ्या जनुकांच्या नकला त्यात न बुडालेल्या झाडाइतक्या कमी नसतात, पण एरवीच्या बुडालेल्या धानाइतक्या वाढतही नाहीत. प्राणवायूविना थोडीफार ऊर्जा मिळवून देणारी जनुके मात्र अधिक कामाला लागतात. झाड जणू दाराला कडी लावून, शिधा मोजून खात बसते. पाणी ओसरल्यावर उरलेल्या शिदोरीवर त्याला नवी पालवी फुटते. हे सारे उलगडले ते एम २०२ या कॅलिफोर्नियातील वाणाची दोन रूपे शेजारी ठेवून: एक मूळ आणि दुसरे तेच, पण सब-१ चा तुकडा असलेले. दोन्ही बुडवायची, ठरावीक दिवसांनी आरएनए काढायचा आणि आकडे ताडून पाहायचे. २०११ मध्ये याच अभ्यासकांनी दाखवले की सब-१ए पाणी ओसरल्यानंतरच्या कोरडेपणातही झाडाला मदत करते. हे महत्त्वाचे आहे, कारण पुरातून उठलेल्या रोपाला पहिला फटका बसतो तो उन्हाचा.

याच कथेची दुसरी बाजूही आहे. आग्नेय आशियात आणि बांगलादेशात महिनोन्‌महिने साचणाऱ्या खोल पाण्यात एक वेगळे धान पिकते. ते वाढत्या पाण्याबरोबर दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत उंच होऊ शकते. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये त्यामागची दोन जनुके शोधली आणि त्यांना स्नॉर्केल असे समर्पक नाव दिले. ही जनुके सब-१ए च्याच कुळातली आहेत आणि तीही इथिलीननेच जागी होतात, पण त्यांचा हुकूम नेमका उलटा: वाढ, थांबू नकोस. अल्पकाळच्या पुरात थांबणारे वाचते, दीर्घकाळच्या पाण्यात वाढणारे वाचते.

येथे एक विषयांतर करतो. अशी माहिती ऐकली की काही मंडळी लगेच माणसाकडे वळतात. कोणी म्हणते, पाहा, सारे रक्तातच असते. त्यावर आपल्यातलेच कोणी उत्साहाने उत्तर देते की, जनुक असून भागत नाही, परिस्थितीने त्याला जागे करावे लागते, म्हणून समतेचा सिद्धान्त विज्ञानाने सिद्ध झाला. मला दोन्ही युक्तिवाद नापसंत आहेत. माणसाचा समतेचा हक्क धानाच्या जनुकावर उभा नाही, आणि उद्या धानाविषयी काही वेगळे सिद्ध झाले तर तो ढळणारही नाही. या संशोधनाचा आपल्याशी असलेला संबंध उपमेचा नाही, जमिनीचा आहे.

जनुकाची नेमकी जागा कळल्यावर मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत ते स्वर्णा या वाणात आणले गेले. स्वर्णा हा मूळचा आंध्र प्रदेशातील वाण. पूर्व भारतात त्याचा प्रचंड प्रसार आहे आणि आपल्या धानपट्ट्यालाही तो अपरिचित नाही. स्वर्णाचा सब-१ असलेल्या धानाशी संकर करायचा, संततीचा पुन्हा स्वर्णाशीच संकर करायचा, आणि प्रत्येक पिढीत डीएनएच्या खुणा तपासून सब-१ चा तुकडा असलेली, पण बाकी सर्व बाबतींत स्वर्णासारखी रोपे तेवढी पुढे न्यायची, ही पद्धत. यात बाहेरचे जनुक प्रयोगशाळेत घुसवलेले नाही. धानाचेच जनुक धानात संकराने आले आहे. ‘स्वर्णा सब-१’ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. तो सरळ वाण आहे, म्हणजे शेतकऱ्याला स्वतःच्या पिकातले बियाणे राखून पुढच्या वर्षी पेरता येते. जनुकाचे नाव काढताच ज्यांना केवळ कंपनीचा डाव दिसतो, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. शंका घेणे योग्यच आहे, पण शंका घेण्यापूर्वी वस्तू कोणती आहे हे पाहावे लागते.

आता जमिनीकडे येतो. मंझूर दार, अलेन द जानव्री, काइल एमरिक, डेव्हिड रायट्झर आणि एलिझाबेथ सादुले यांनी ओडिशातील १२८ गावांत या वाणाची शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष शेतात चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शेत दहा दिवस बुडाले तर स्वर्णा सब-१ प्रचलित वाणापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक उत्पादन देतो, आणि पूर न आल्यास त्याच्यामुळे काही तोटा होत नाही, असे त्यांना आढळले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. बुडणारी जमीन कोणाची आहे? उत्तर असे निघाले की पूर साचणाऱ्या सखल जमिनींवर खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील शेतकऱ्यांचे प्रमाण अधिक आहे. म्हणून या बियाण्याचा लाभही त्यांनाच अधिक.

आपल्यापैकी कोणालाही या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. गावात वस्ती कोणत्या बाजूला आणि बांधी कोणत्या उतारावर, हे कोणी ठरवले हे आपण जाणतो. विशेष हे की, एका जनुकाच्या अभिव्यक्तीपासून निघालेला अभ्यास एका प्रतिष्ठित वैज्ञानिक नियतकालिकात जातीच्या नकाशापर्यंत पोहोचला आणि तो नकाशा आकडेवारीत मांडला गेला. पूर हा सर्वांवर सारखा कोसळणारा निसर्गाचा कोप आहे, या समजुतीला त्याने पुराव्यानिशी छेद दिला.

ओडिशाच्या पुराचा विचार करताना बाबासाहेबांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओडिशाच्या नद्यांविषयी परिषद भरली आणि तिचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. पुराचे पाणी म्हणजे शक्य तितक्या लवकर समुद्रात लोटून द्यायचे संकट, ही तोवरच्या समित्यांची दृष्टी त्यांनी नाकारली. पाणी ही संपत्ती आहे, ते अडवावे, साठवावे आणि सिंचन, वीज व जलवाहतूक यांसाठी वापरावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. महानदीवरील हिराकुड धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. त्याच काळात, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४६ मध्ये कटकलाच केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. एकाच शहरात, एका वर्षाच्या अंतराने, पुराला दोन दिशांनी हात घातला गेला: एक नदीकडून, दुसरा बियाण्याकडून. धरण झाले तरी ओडिशाच्या किनारी जिल्ह्यांतले पूर संपले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिशेचे महत्त्व आजही कायम आहे.

हरितक्रांतीचा प्रश्न होता, उत्तम जमिनीत, हुकमी पाण्यात, भरपूर खतावर जास्तीत जास्त किती पिकेल? त्या काळी तो विचारणे आवश्यक होते आणि देशाची उपासमार टळली, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याच्याकडे उत्तम जमीन आणि हुकमी पाणी होते, त्याच्या घरी ते उत्तर प्रथम पोहोचले. ताणाच्या जनुकांचा अभ्यास करणारे विज्ञान वेगळा प्रश्न विचारते: वाईट वर्षात, वाईट जमिनीत किमान किती वाचेल? हा प्रश्न कोरडवाहू, क्षारपड आणि सखल जमिनीच्या मालकाचा आहे. माझे ठाम मत आहे की आपण या विज्ञानाला आपले मानले पाहिजे आणि त्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा म्हणून आग्रह धरला पाहिजे.

यावर आपल्या शिक्षित वर्गातून हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. गाव सोडा, शहरात जा, असे बाबासाहेबांनी सांगितले असताना मुलांना पुन्हा धान आणि चिखल कशाला? त्यांनी गावाला नकार दिला तो तेथील गुलामगिरीला. ज्ञानाच्या कोणत्याही शाखेला त्यांनी नकार दिल्याचे मला माहीत नाही. वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्रात संशोधन करणारी मुलगी चिखलात परतत नाही; पुढच्या वाणात कोणता गुण असावा हे ठरवणाऱ्या टेबलाशी ती बसते. त्या टेबलाशी बुडणाऱ्या बांधीची आठवण असलेले कोणी नसेल, तर प्रश्नच वेगळे विचारले जातील. आपली मुले अभियांत्रिकी, वैद्यक आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडे पाहत नाहीत, याला मुलांइतकेच आपण शिक्षक आणि पालकही जबाबदार आहोत.

बियाणे चांगले असले तरी ते आपोआप योग्य माणसापर्यंत पोहोचते, या भ्रमातही राहू नये. ओडिशातच एमरिक यांनी पुढे आणखी एक प्रयोग केला. काही गावांत नवे बियाणे थोड्या शेतकऱ्यांना देऊन पुढचा प्रसार आपसांतील देवाणघेवाणीवर सोपवला, तर काही गावांत तेच बियाणे घरोघरी नेऊन विकायला ठेवले. घरोघरी नेले तिथे ते कितीतरी अधिक जणांनी घेतले. आपसांत सोडले तिथे ते आडनाव आणि पोटजात यांच्या कुंपणातच बरेचसे फिरत राहिले. कृषी खात्याचा आवडता समज असा की प्रगतिशील शेतकऱ्याला दिले की गावाला मिळते. या प्रयोगापुढे तो टिकत नाही. उलट ज्यांच्या हाती हे बियाणे पडले त्यांच्याविषयी २०१६ मधील अभ्यास सांगतो की, पुराची धास्ती कमी होताच ते खत अधिक वापरतात, लागवड वाढवतात, कर्जही घेतात. सखल जमिनीचा शेतकरी मागासलेल्या वृत्तीचा असतो असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना हा अभ्यास वाचायला द्यावा.

सब-१ए ला मर्यादा आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ पूर राहिला तर तेही फारसे टिकत नाही. पेरलेले बी पाण्याखाली उगवण्यासाठी वेगळे गुण लागतात. गुडघा-मांडीएवढे पाणी महिनोन्‌महिने साचून राहते तिथे हे थांबून राहणे कामाचे नाही, आणि खाऱ्या पाण्यावर त्याचा इलाज नाही. त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र शोध चालू आहेत.

आपल्या शाळेत याची ओळख करून देणे मुळीच अवघड नाही. आरएनए मोजण्याची यंत्रे आपल्याकडे नाहीत, पण दोन मोठी टाकी आहेत आणि वसतिगृहामागे मोकळी जागा आहे. कृषी विद्यापीठाकडे किंवा भात संशोधन केंद्राकडे मागणी करून स्वर्णा आणि स्वर्णा सब-१ यांचे मूठ-मूठ बियाणे मिळवावे. जूनमध्ये दोन्हींचे पऱ्हे कुंड्यांत वाढवून, महिन्याचे झाल्यावर दोन्हींच्या सारख्याच कुंड्या प्रत्येक टाक्यात ठेवाव्यात आणि पाने पूर्ण बुडतील एवढे पाणी भरावे. बुडवण्यापूर्वी प्रत्येक रोपाची उंची वहीत नोंदवावी. बारा दिवसांनी कुंड्या बाहेर काढून उंची पुन्हा मोजावी, कोणते अधिक वाढले ते पाहावे, आणि आणखी दहा दिवस थांबून कोणत्या रोपाला नवे पान फुटले ते मोजावे. वही आठवीच्या मुलींकडे द्यावी. प्राणिशास्त्राचे आमचे सहकारी आणि मी दोघेही मदतीला आहोत.